जर्मनीत नोकरी आणि कायमचे वास्तव्य: अर्ज टाकण्याआधीची आणि नंतरची कामे

जर्मनीत जायचे ठरले की बहुतेक जण लगेच बायोडेटा तयार करून जॉब पोर्टलांवर अर्ज टाकत सुटतात. त्याआधी 'अनाबिन' या जर्मन सरकारी डेटाबेसमध्ये आपले विद्यापीठ आणि आपली पदवी यांची नोंद कशी आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे. विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा असेल आणि पदवीही समकक्ष म्हणून नोंदलेली असेल, तर त्या पानांच्या प्रती व्हिसाच्या अर्जासोबत जोडता येतात. पदवी सापडली नाही, तर 'झेडएबी' या संस्थेकडून समकक्षतेचे प्रमाणपत्र मागवावे लागते आणि त्यासाठी २०८ युरो शुल्क पडते. डॉक्टर आणि परिचारिका यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना ज्या राज्यात काम करायचे तेथील अधिकाऱ्यांकडून व्यवसायाचा परवाना घ्यावा लागतो.

कागद गोळा करताना नावांकडे बारकाईने पाहावे. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर हा क्रम बदलतो आणि लग्नानंतर कधी कधी सगळेच बदलते. गुणपत्रिकेवरची 'पाटील सुनीता रमेश' आणि पासपोर्टवरची 'सुनीता अजय देशमुख' या एकच बाई आहेत, हे जर्मन कारकुनाने ओळखावे अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत असावे आणि ते मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित भाषांतर येथूनच करून न्यावे.

नोकरीचे पत्र हाती असलेल्या पदवीधरासाठी 'ब्लू कार्ड' हा सर्वांत सोयीचा परवाना होय. त्यासाठीची किमान पगाराची अट दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी त्याहून कमी होती. हाती नोकरी नसेल, तर जून २०२४ पासून 'शान्सेनकार्टे', म्हणजेच ऑपॉर्च्युनिटी कार्ड, मिळू शकते. हे कार्ड एका वर्षापर्यंत तेथे राहून नोकरी शोधण्याची आणि आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करण्याची मुभा देते. त्यासाठी किमान ६ गुण लागतात. समजा, नाशिकच्या ३२ वर्षांच्या एका अभियंत्याला गेल्या सात वर्षांत आपल्या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव आहे आणि त्याचे इंग्रजी सी-१, म्हणजे प्रगत, पातळीचे आहे: अनुभवाचे ३, वयाचे २ आणि इंग्रजीचा १ धरून त्याचे सहा गुण भरतात. खर्चाची तरतूद मात्र वेगळी दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती महिन्याला १,०९१ युरो होती.

या हिशेबात जर्मन भाषेचा एकही गुण आलेला नाही आणि नेमकी येथेच अनेकांची फसगत होते. कार्ड जर्मनविना मिळते, पण आयटीबाहेरची नोकरी जर्मनविना क्वचितच मिळते. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या मॅक्स म्युलर भवनात निदान बी-१, म्हणजे मध्यम पातळी, पर्यंत शिकून जाणे, हे तेथे पोहोचल्यावर वेळ आणि पैसा घालवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. ही सही द्यायला जो मालक तयार नसतो, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण कर क्रमांक या नोंदणीनंतरच येतो आणि बँकेची व परवान्याची कामेही तिच्यावरच अडतात.

कायमच्या वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी मिळू शकतो. जर्मन बी-१ असेल तर २१ महिन्यांनीच. इतर कुशल कामगारांना तीन वर्षे थांबावे लागते. मात्र मोजले जातात ते पेन्शन विम्याचा हप्ता भरलेले महिने, नुसते राहण्याचे नव्हेत. शान्सेनकार्टेवर नोकरी शोधण्यात गेलेला काळ त्या तीन वर्षांत धरला जात नाही. म्हणून पेन्शन संस्थेकडून येणारे विवरण दरवर्षी तपासून फाइलला लावावे. 'लेबेन इन डॉयचलांड' ही जर्मनीतले जीवन आणि तेथील कायदे यांवरची ३३ प्रश्नांची चाचणीही आधीच देऊन ठेवावी. कायमच्या वास्तव्यासाठी १५ उत्तरे बरोबर आली की ती उत्तीर्ण होते. मोठ्या शहरांत परकीय नागरिक कार्यालयाची वेळ मिळायला महिने लागतात. त्यामुळे जुना परवाना संपण्यापूर्वीच अर्ज करून त्याची पोच जपून ठेवावी.

परवाना मिळाल्यावर आई-वडिलांच्या आजारपणासाठी दीर्घकाळ गावी यायचे झाले, तर सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास तो साधारणपणे रद्द होतो हे लक्षात ठेवावे. अधिक दिवस लागतील असे दिसत असेल, तर निघण्यापूर्वीच त्याच कार्यालयाकडून मुदतवाढ लेखी घ्यावी.