वादळानंतरची साफसफाई आणि डागडुजी: गोव्यातल्या घरमालकांनो, या चुका टाळा

१६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून समुद्रातूनच उत्तरेकडे सरकले. इथे ते धडकलेच नाही. १७ तारखेच्या रात्री गुजरातेत जमिनीवर चढले. तरीही बारदेसपासून सासष्टीपर्यंत झाडे वीजतारांवर आडवी झाली, पत्रे उडाले, काही वाड्यांवर दिवसचे दिवस दिवे नव्हते. आणि मृगाला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

अरबी समुद्रातली वादळे बहुतेक दोन मोसमांत येतात: पावसाच्या तोंडावर, किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरात. २००९ चे फयान नोव्हेंबरातले, म्हणजे त्यानंतर डागडुजीला अख्खा हिवाळा आणि उन्हाळा हाताशी होता. मेमधल्या वादळानंतर तशी चैन नसते. पणजीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तरी लोक गेट सरळ करतात, कंपाउंड बांधून घेतात, भिंतीला रंगाचा हात मारतात, आणि छपरासाठी माणूस शोधायला निघतात तेव्हा पहिली सर येऊन गेलेली असते. खालच्या निम्म्या चुका याच उलट्या क्रमातून होतात.

दिवे गेले म्हणजे तार मेली, असे धरून चालणे

वाड्यावर अंधार आहे म्हणून रस्त्यात लोंबणारी तार निर्जीव असते असे नाही. शेजारच्या कुणी जनरेटर थेट घरच्या सॉकेटला जोडला असेल, तर वीज उलटी मीटरमधून बाहेर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला लागते. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरात असेल तर ती आजच कापून टाका. जनरेटर लावायचाच तर चेंजओव्हर स्विचमधून (तो घर एकावेळी एकतर लाइनला किंवा जनरेटरलाच जोडतो), आणि मशीन अंगणात ठेवून. बाल्कनीत किंवा बंद पोर्चमध्ये त्याचा धूर घरात शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुटलेल्या तारेसाठी वीज खात्याला १९१२ वर कळवा. कोयत्याने फांदी बाजूला सारण्याचे धाडस करू नका.

वीज परतल्यावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, सारखा पडतो, ही हमखास येणारी तक्रार. त्यावर वायरमनला ‘तो काढूनच टाक’ सांगणारे महाभाग आहेत. असे करू नका, तो तुमचा जीव वाचवायलाच पडतोय. सगळे एमसीबी (एकेका लाइनीचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्यावर पडेल त्या लाइनीत ओल आहे. बहुतेक वेळा दोषी असतो बाहेरचा दिवा, विहिरीचा पंप किंवा गेटची बेल, कारण खारे तुषार तिथेच बसतात. सगळे एमसीबी खाली असूनही तो पडत असेल, तर ओल न्यूट्रलमध्ये किंवा मुख्य वायरिंगमध्ये आहे. पुढे हात घालू नका, परवानाधारक वायरमन बोलवा.

आडव्या झाडावर घाईने कोयता चालवणे

उभ्या माडावर सरसर चढणारा पाडेली आडव्या झाडाचाही जाणकार असतोच असे नाही. भिंतीवर किंवा दुसऱ्या झाडावर अडकलेले खोड ताणलेले असते; चुकीच्या जागी काप पडला की ते उसळते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा शेंडा कापून टाकला की मातीची ढेप झटकन मागे जाऊन खड्ड्यात बसते. त्या खड्ड्यात मुले डोकावत असतात. छपरावर किंवा तारेवर पडलेले झाड अग्निशामक दलावर सोडा, नंबर १०१ किंवा ११२.

दुसरी चूक भीतीपोटीची. वादळानंतरच्या आठवड्यात धडधाकट आंबा-फणसही तोडायला निघतात. उभे झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वन खात्याची परवानगी लागते. तसेही पाहावे लागते ते झाडाच्या बुडाशी: गटारासाठी किंवा पेव्हरसाठी एका अंगाची मुळे छाटली असतील, तर ते झाड खरे धोक्याचे.

छप्पर: ‘सध्यापुरते’ काम

जास्तीत जास्त पैसा आणि वेळ इथे घाला.

ताडपत्रीपासून सुरुवात करू. फुटलेल्या कौलांच्या भोकापुरती ती अंथरली की वरच्या कडेखालून पाणी आत शिरते. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर हातभर उतरली पाहिजे. कडा दोरीने नुसत्या ओढून बांधल्या तर पहिल्या वाऱ्यात त्यांची दोरीची भोके फाटतात. कडेला लाकडी रीप गुंडाळून ती वाशाला बांधा. वजनाला सुटे चिरे ठेवू नका, ते घसरून खाली कुणाच्या डोक्यात जातील. वाळूची पोती चालतात.

कौलांवर सरळ पाय देऊन चढू नका. वाशांच्या रेषेत फळी टाका आणि तिच्यावरून चाला, नाहीतर दहा बसवताना वीस फुटतात. उडालेले कौल बदलण्याआधी खालची रीप दाबून पाहा. कौलाच्या पाठचा दात याच रिपेवर अडकतो. ती कुजलेली असेल तर नवे कौलही आषाढात खाली सरकणार. आणि दुकानात जाताना घरचे एक धड कौल सोबत न्या. मंगळुरी कौले दिसायला सारखी असली तरी एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसतेच असे नाही, आणि त्या केसभर फटीतून भर पावसात धार लागते.

आता पत्र्यांकडे वळू. जुन्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालण्याची पद्धत गोव्यात घरोघर आहे. वादळात तेच उडतात, कारण वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी, आणि फॅब्रिकेटर मात्र स्क्रू सगळीकडे सारख्याच अंतरावर मारतो. घाईच्या दिवसांत तर तेही होत नाही. ‘बाब, आता दोन-दोन स्क्रू मारून ठेवतो, पाऊस सरला की येतो’ असे तो सांगतो, आणि पाऊस सरल्यावर फोन उचलत नाही. कडेच्या रांगांमध्ये स्क्रू दाट मारून घ्या. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, जिथून पाणी वाहते त्या खोलगट भागात नको. खाली रबरी वॉशर हवाच, पण पार चेपेपर्यंत आवळलेला नको. खाऱ्या हवेत साधे स्क्रू काही वर्षांत गंजून जातात. चांगल्या लेपाचे थोडे महाग पडतात, पण पत्र्याहून स्वस्तच.

जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर ते हातोड्याने चुरून पोत्यात भरू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसात राहते. पाणी मारून ओले करा, मास्क लावा, होतील तितके अखंड उतरवा.

विहिरीत मूठभर ब्लीचिंग पावडर फेकणे

ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकण्याची आपल्याकडची सवय जुनी. प्रमाण साधे आहे: चांगल्या, बंद डब्यातल्या पावडरीचे अडीच ग्रॅम एक हजार लिटरला. गोल विहिरीचा व्यास दोन मीटर आणि पाणी तीन मीटर असेल तर साधारण ९,४०० लिटर पाणी झाले, म्हणजे जवळपास २५ ग्रॅम पावडर. उघड्या पोत्यातली पावडर असेल तर हिशेब विसरा, तिच्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो.

पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात तिचा लगदा करा, मग बादली पाऊणभर होईपर्यंत पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटे तशीच ठेवा. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत काढा. तळचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. निवळाची बादली दोरीने पाण्याखाली सोडून खाली-वर जोरात हलवा. निदान तासभर थांबायचे. संध्याकाळी टाकून सकाळी उपसायला लागणे सोयीचे. विहिरीत पुराचे किंवा गटाराचे पाणी शिरले असेल, तर आधी उपसा करा आणि आरोग्य केंद्राकडून तपासून घ्या, वरचे प्रमाण तिथे पुरणार नाही. पाणी खारट झाले असेल तर त्यावर ब्लीचिंगचा काही उपयोग नाही.

सगळा कचरा एका ढिगात

झावळ्या, काचा, कौलांचे तुकडे, भिजलेल्या गाद्या एकत्र रस्त्यावर टाकल्या की पालिकेचा ट्रक तो ढीग सोडून पुढे जातो, आणि जूनच्या पहिल्या पावसात तोच ढीग गटारात उतरतो. चार ढीग वेगळे करा. ओल्या झावळ्या पेटवू नका. नुसता धूर होतो.

साचलेल्या पाण्यात चप्पल घालून उतरू नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) गोव्यात दर पावसाळ्यात असतो. पायाला जखम असेल तर गमबूट चढवा आणि प्रतिबंधक गोळीचे डॉक्टरांना विचारा. ताप आणि पोटऱ्यांत कळा आल्या तर अंगावर काढू नका.

आणि काहीही हलवण्याआधी फोटो काढा. भरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो, विमा असेल तर कंपनीला लगेच कळवावे लागते. सर्व्हेअर येण्याआधी मोडका पत्रा भंगारात गेला तर दावा लुळा पडतो. पाण्यात बुडालेली स्कूटर किंवा गाडी ‘बघू चालते का’ म्हणून स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो.

भिंतीला लगेच प्लास्टर आणि रंग

चिऱ्याची भिंत पाणी पोटात धरून ठेवते. वादळात भिजलेली भिंत मृगापर्यंत सुकत नाही, आणि तिच्यावर मेअखेरीस मारलेला रंग चतुर्थीपर्यंत पापुद्रे सोडतो. लोणा, म्हणजे भिंतीवर फुलणारा पांढरा खार, दिसला की पाणी मारून धुऊ नका, खार पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडा आणि पडलेली पूड गोळा करून बाहेर टाका. पणजीतल्या फोंतेन्हास, मळा इथल्या जुन्या घरांना चुन्याचा गिलावा आहे. त्यावर सिमेंटचे प्लास्टर थापले की आतली ओल अडकते आणि शेजारचा धड गिलावाही फुगतो. संवर्धन क्षेत्रात दर्शनी भागाला हात लावण्याआधी परवानगीचेही बघावे लागते.

स्लॅब किंवा बीमचा सुटलेला तुकडा भरायचा असेल तर पाणी कुठले वापरतात ते उभे राहून पाहा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटला लागणाऱ्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरींचे पाणी ती मर्यादा सहज ओलांडते. खाडीच्या न धुतलेल्या वाळूचेही तेच. आतली सळई गंजून फुगते आणि तोच तुकडा पुन्हा सुटतो. नळाचे पाणी वापरा, नसेल तर टँकर मागवा. लोंबता तुकडा तेवढा आत्ता पाडून घ्या, खाली टेकू द्या. बाकी गिलावा आणि रंग दिवाळीनंतर.