विमानाच्या पंखातली इंधन टाकी बांधताना या चुका टाळा

किटमधून विमान जोडणारे लोक सर्वात जास्त धास्तावतात ते टाक्यांना. प्रोसील (टाकीचे सांधे बंद करणारं, इंधनाला टिकणारं सीलंट) चिकट, हाताला लागलं की दिवसभर निघत नाही, आणि एवढं करूनही टाकी गळली तर? भीती समजण्यासारखी आहे. पण गळती निदान दिसते. विमानाच्या नेहमीच्या पेट्रोलला (१००एलएल) निळा रंग असतो, त्यामुळे गळणाऱ्या रिवेटभोवती निळसर डाग उमटतो. खरा धोका टाकीच्या आत, न दिसणाऱ्या जागी असतो. म्हणून दोन्हीबद्दल लिहितो.

उदाहरण व्हॅन्स एअरक्राफ्ट या किट बनवणाऱ्या कंपनीच्या आरव्ही-७ विमानाचं घेऊ. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेचा धडाजवळचा भाग हीच टाकी आहे. प्रत्येक पंखात २१ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ८० लिटर. अॅल्युमिनियमचा पत्रा, आत रिब (आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या), मागे बॅफल (टाकीची मागची भिंत), आणि सांध्यासांध्यात प्रोसील.

पहिली चूक मिश्रणाची. प्रोसीलचे दोन भाग अंदाजाने मिसळू नका. प्रमाण साधारण १० ला १ असतं आणि ते वजनाने. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घ्या, डब्यावरचं प्रमाण वाचा आणि रंगाची एकही रेघ उरणार नाही इतकं घोटा. डब्यावर बी-२ असा प्रकार लिहिलेला असेल तर त्यातला २ म्हणजे कामाला मिळणारे दोन तास. उन्हाळ्यात, दमट हवेत ते आणखी कमी होतात. म्हणून एका वेळी एकदोन रिबपुरतंच कालवावं.

दुसरी चूक सफाईची, आणि माझ्या मते बहुतेक गळतीचं मूळ हेच. जिथे सीलंट बसणार तिथला पत्रा स्कॉचब्राइटने (खरखरीत घासणीने) खरवडा, मग एमईके या द्रावकाने पुसा. पुसताना एमईके हवेत उडून जाऊ देऊ नका, ते ओलं असतानाच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. वाळू दिलं तर सुटलेला मळ पुन्हा तिथेच बसतो. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. एमईकेच्या वाफा घातक आणि ज्वलनशील, त्यामुळे खिडक्या उघड्या, हातमोजे आणि वाफांसाठीचा मास्क हवाच.

बॅफल बसवताना बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सीलंट बॅफलला फासू नका. पत्र्याच्या आतल्या बाजूला, रिवेटच्या रांगेच्या थोडं पुढे, सलग जाड ओळ घाला. बॅफल आत सरकताना ती ओळ पुढे ढकलतो आणि आतला सांधा आपोआप भरतो. रिब, बॅफल आणि पत्रा जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यांत सढळ हाताने भरा, कारण गळती शोधायला गेलं की आधी हेच कोपरे सापडतात. बॅफलला रिब जोडणारे पॉप रिवेट (एकाच बाजूने बसवता येणारे रिवेट) बंद टोकाचेच हवेत. साध्या पॉप रिवेटच्या मधल्या भोकातून इंधन बाहेर येईल.

आता न दिसणाऱ्या चुका. इंधन ओढणाऱ्या नळीचा नट आत, अॅक्सेस प्लेटवर (टाकीत हात घालायच्या भोकावरच्या झाकणावर) असतो. तो सैल झाला तर भरलेल्या टाकीवर काहीच कळत नाही. इंधनाची पातळी त्या सांध्याच्या खाली गेली की पंप हवा ओढू लागतो आणि टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडू शकतं. नट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळा, नळी फिरू नये म्हणून आधार द्या, नट सैल होऊ नये म्हणून सेफ्टी वायर घाला. नळीच्या फ्लेअरवर (पसरट केलेल्या तोंडावर) सीलंट नको. इंधनाच्या कुठल्याही आट्यांवर टेफ्लॉन टेप तर मुळीच नको, त्याचे तुकडे पुढे जाऊन फिल्टरमध्ये अडकतात.

टाकीत हवा येऊ देणारी व्हेंटची नळीही तितकीच महत्त्वाची. ती तुंबली तर टाकीत निर्वात पोकळी निर्माण होते आणि इंधन यायचं थांबतं. बॅफल लावण्याआधी तोंडाने फुंकून वाट मोकळी आहे ना ते पाहा. बाहेरच्या टोकाला जाळी लावा, कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात.

गळतीच्या चाचणीत टाकीत हवेचा दाब देताना कंप्रेसर थेट जोडू नका. १ पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड) एवढा दाब म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ६५ किलोचा भार, त्याहून जास्त दाबाने टाकी फुगून वाकडी होईल. यू-आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून दाब मोजा (१ पीएसआयला पातळीत सुमारे ७० सेंटिमीटरचा फरक पडतो), किंवा फुगा लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. फुगा रात्रीतून बसला म्हणून लगेच घाबरू नका. तापमान आणि हवेचा दाब बदलला तरी तो लहानमोठा होतो. आधी इंधनाच्या झाकणाची कड तपासा.

गळती सापडलीच तर बाहेरून प्रोसील थापू नका. आतून इंधनाचा दाब त्याला सतत सोलत राहतो. आत पातळ लेप ओतून फिरवण्याची जुनी पद्धतही टाळा, तो लेप पापुद्र्यांनी सुटून इंधनाच्या वाटेत अडकल्याची उदाहरणं आहेत. बॅफलमध्ये गोल भोक पाडा, आतून तो सांधा साफ करून नव्याने भरा, मग भोकावर सीलंटसह पत्र्याची चकती बंद टोकाच्या रिवेटने बसवा. प्रोसील पूर्ण सुकल्यावर पुन्हा दाब द्या.