रिकव्हरी पार्टिशन उडवताना या चुका टाळा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की माणूस जागा शोधायला निघतो. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं की डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन्स, दिसतात आणि उजव्या टोकाला पंधरा-वीस जीबीचा, ड्राइव्ह लेटर नसलेला एक डबा असतो. हेच रिकव्हरी पार्टिशन, विंडोज बिघडलं तर परत बसवायला राखून ठेवलेली जागा. त्यावर राइट क्लिक करावं तर मेन्यूत फक्त ‘हेल्प’, डिलीट नाहीच. मग कुठलातरी व्हिडिओ बघून डिस्कपार्ट, म्हणजे कमांड टाइप करून पार्टिशन्स हाताळायचं विंडोजचं साधन, उघडलं जातं.

माझ्या मावसभावाने हेच केलं. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट आणि एफ१० दाबलं, कमांड प्रॉम्प्ट उघडला, व्हिडिओत होता तोच पार्टिशन नंबर टाइप केला आणि पुढे ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’. रात्री फोन: “दादा, लॅपटॉप चालूच होत नाहीये.” उडालेलं पार्टिशन होतं २६० एमबीचं, आणि यादीत त्याच्यापुढे स्वच्छ ‘सिस्टम’ लिहिलेलं असतं. म्हणजे ईएफआय, लॅपटॉपला विंडोज कुठून सुरू करायचं हे सांगणाऱ्या फाइल्स तिथेच असतात. त्याच जागी नवीन ईएफआय पार्टिशन करून, फॅट३२मध्ये फॉरमॅट करून, बूटच्या फाइल्स परत टाकणारी बीसीडीबूट ही कमांड चालवल्यावर गाडी रुळावर आली. पण माझा रविवार गेला.

तर पहिली चूक हीच, दुसऱ्याच्या मशीनचा नंबर आपल्याकडे वापरणं. पेनड्राइव्ह लावलेला असेल किंवा एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील, तर ‘डिस्क ०’ म्हणजे आपली विंडोजची डिस्क असेलच असं नाही. दर वेळी ‘लिस्ट डिस्क’ आणि ‘लिस्ट पार्टिशन’ देऊन साइज वाचा. १६ एमबीचं ‘रिझर्व्ह्ड’ आणि शंभर ते तीनशे एमबीचं ‘सिस्टम’ यांना हात लावायचा नाही. ओव्हरराइड लावलं की डिस्कपार्ट पार्टिशनचा प्रकार बघत बसत नाही. आणि ‘क्लीन’ ही कमांड निवडलेल्या पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिस्कवर चालते. फोटो, हिशोब, सगळं साफ.

‘रिकव्हरी’ लिहिलेली पार्टिशन्सही बऱ्याचदा दोन निघतात, कधी तीन. दहा-वीस जीबीचं असतं ते कंपनीचं, लॅपटॉप विकत घेतला तेव्हाच्या अवस्थेत नेणारं. पाचशे एमबी ते एक जीबीचं असतं ते विंडोजचं स्वतःचं. ‘रीसेट धिस पीसी’ आणि स्टार्टअप रिपेअर त्यावर चालतात. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर जुनं तसंच राहून नवीन तयार झालेलं असू शकतं. यातलं चालू कुठलं, हे ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी ही कमांड ‘स्लॅश इन्फो’ लावून दिली की कळतं. तिथे ज्या पार्टिशनचा नंबर दिसेल, त्याला हात लावू नका. अर्ध्या जीबीसाठी ही उठाठेव करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १०चं एक सुरक्षा अपडेट हेच छोटं पार्टिशन अपुरं पडल्यामुळे कित्येकांच्या मशीनवर अडकलं होतं, आणि ते आणखी २५० एमबीने वाढवा, असं मायक्रोसॉफ्टलाच सांगावं लागलं.

कंपनीचं मोठं पार्टिशन मात्र खुशाल उडवा, पण आधी रिकव्हरी ड्राइव्ह बनवा. स्टार्ट मेन्यूत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधा, सिस्टम फाइल्सची खूण ठेवा, ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह द्या. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह नको. लायसन्सची काळजी नको. विंडोज ८ पासून कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या लॅपटॉपची लायसन्स-की मदरबोर्डवरच असते.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, बघायचं राहून जातं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. पार्टिशनला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. नाहीतर पुढच्या स्टार्टला निळा स्क्रीन की मागत बसेल, आणि ती की बघायला दुसरा फोन शोधावा लागेल.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: जागा मोकळी झाली, पण सी ड्राइव्हवर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकटच का? कारण मोकळी जागा सी ड्राइव्हला उजवीकडून चिकटून लागते, आणि मध्ये विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन भिंतीसारखं उभं असतं. जुन्या विंडोज ७ मशीनवर कंपनीचं पार्टिशन बऱ्याचदा सीच्या डावीकडे असतं. तिथे विंडोजचं साधन हतबलच. भिंत हलवता येते: रीएजंटसी आधी डिसेबल करायचं, छोटं पार्टिशन काढायचं, सी वाढवायचा, शेवटी एक जीबी सोडून नवीन रिकव्हरी पार्टिशन योग्य आयडी देऊन बनवायचं आणि पुन्हा इनेबल. सवय नसेल तर या फंदात पडू नका. मोकळ्या जागेचा डी ड्राइव्ह करा आणि डाउनलोड्स फोल्डर तिकडे हलवा. मावसभावाला मी शेवटी तेच करून दिलं.

आणि चुकून डेटाचंच पार्टिशन उडालं, तर तिथल्या तिथे हात थांबवा. नवीन पार्टिशन नको, फॉरमॅट नको, काही कॉपी करणं नको. डिलीट केल्याने फक्त नोंद जाते, फाइल्स त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जागेवर असतात. एसएसडीवर मात्र हा भरवसा कमी. दुसऱ्या ड्राइव्हवरून बूट करून टेस्टडिस्क हे मोफत साधन चालवलं, तर नोंद बऱ्याचदा परत मिळते.