टॅगवर नागपूर असलं तरी बॅग मुंबईत उचला

यवतमाळ-वाशीमकडचं आपलं कोणी दुबईहून मुंबईमार्गे नागपूरला येत असेल, तर आधीच बजावून ठेवा: बॅग साधारणपणे मुंबईतच उचलावी लागते. देशात पहिलं पाऊल जिथे पडतं, तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. मग बॅग पुन्हा जमा करायची, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि मगच देशांतर्गत प्रवाशांच्या भागात प्रवेश. आमच्या काकू मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी न थांबताच निघाल्या होत्या. बोर्डिंग पासला चिकटवलेल्या बॅगेच्या चिठ्ठीवरचं ‘एनएजी’, म्हणजे नागपूर विमानतळाचा कोड, बोटाने दाखवत होत्या बिचाऱ्या. दोन विमानांत तीन-चार तास ठेवाच, म्हाताऱ्या माणसांची धावपळ बघवत नाही. तिकिटं वेगवेगळी असतील तर टर्मिनलही तपासा. आणि जाताना लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत घाला.