सॅम्पल रेट कसा निवडावा आणि कसा बदलावा

पहिला ट्रॅक रेकॉर्ड करण्यापूर्वीच सॅम्पल रेट ठरवावा, कारण अर्ध्या कामावर तो बदलायचा म्हटला की तोवरची प्रत्येक फाइल रूपांतरित करत बसावे लागते. एका सेकंदात ध्वनिलहरीचे किती नमुने घेतले जातात, ती संख्या म्हणजे सॅम्पल रेट. त्या संख्येच्या निम्म्याहून कमी वारंवारतेचाच आवाज नीट नोंदवला जातो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, त्यामुळे केवळ ऐकण्याच्या दृष्टीने ४४.१ किलोहर्ट्झही पुरेसा आहे. (४४,१०० हा आडनिडा आकडा व्हिडिओ टेपवर डिजिटल ध्वनी साठवण्याच्या पद्धतीतून आला : एका रेषेवर ३ नमुने, एका फील्डमध्ये (व्हिडिओच्या अर्ध्या चौकटीत) २४५ रेषा आणि सेकंदाला ६० फील्ड.)

निवड करताना काम शेवटी कुठे जाणार हे पाहावे. चित्रपट किंवा व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ घ्यावा, सीडीसाठी ४४.१, नुसते गाणे प्रकाशित करायचे असेल तर दोन्ही चालतात. ९६ किलोहर्ट्झचा मोह मात्र जपून करावा. २४ बिट (प्रत्येक नमुना २४ बिटांत नोंदवलेल्या) स्टिरिओ ध्वनीला ४८ वर मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट लागतात, ९६ वर त्याच्या दुप्पट, आणि प्लगइनचा (ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचा) प्रोसेसरवरील भारही जवळपास दुप्पट होतो. रेकॉर्ड केलेला आवाज पुढे खूप संथ करून वापरायचा असेल, तर तो खर्च सार्थकी लागतो. डिस्टॉर्शनसारख्या (आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या) परिणामांसाठी प्लगइनमधील ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे प्लगइनच्या आतच तात्पुरता रेट वाढवण्याची सोय, सुरू केले तरी बहुधा भागते.

त्यानंतर ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर या दोन्हींमध्ये तोच आकडा असल्याची खात्री करावी आणि बाहेरून आलेली प्रत्येक फाइल आत घेताना तिचा रेट तपासावा. ४४.१ ची फाइल रूपांतर न होता ४८ समजून वाजली, तर चार मिनिटांचे गाणे ३ मिनिटे ४० सेकंदांतच संपते आणि स्वर जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे हार्मोनियमवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर) वर चढतो. गायक अचानक चढ्या पट्टीत गाऊ लागला असे वाटले, तर पिच दुरुस्त करण्याआधी हे पाहावे.

मिक्स (सर्व ट्रॅकचे एकत्रीकरण) पूर्ण झाल्यावर रेटचे रूपांतर एकदाच करावे. मिक्स ३२ बिट फ्लोटमध्ये (ज्यात शिखरे वर गेली तरी कापली जात नाहीत) एक्सपोर्ट करावा, रेट बदलणाऱ्या रूपांतरकाचा दर्जा सर्वोच्च ठेवावा आणि त्या रूपांतरित फाइलवरच अंतिम लिमिटर (शिखरे ठरावीक पातळीवर रोखणारे साधन) लावावा, कारण रूपांतरातील फिल्टरमुळे शिखरे किंचित वर जाऊ शकतात. १६ बिट हवे असल्यास डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अतिशय क्षीण गोंगाट) अगदी शेवटी द्यावा. ८८.२ चे ४४.१ नेमके निम्मे होते म्हणून ते अधिक शुद्ध, ही समजूत जुनी झाली. चांगला रूपांतरक ४८ चे ४४.१ करताना लागणारे १६० नमुन्यांचे १४७ करण्याचे कामही तितक्याच सफाईने करतो. उलट दिशेने, ४४.१ चे ९६ केल्याने मात्र मुळात नसलेला तपशील येत नाही.

रूपांतरकाची परीक्षा घरीच घेता येते. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २० हर्ट्झपासून ४०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा साधा साइन स्वर तयार करून तो ४४.१ मध्ये बदलावा आणि स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारता दाखवणारा आलेख) उघडावा. वर चढणारी एकच रेघ २२ किलोहर्ट्झच्या आसपास नाहीशी झाली, तर रूपांतरक विश्वासाचा आहे. तिथे आपटून ती पुन्हा खाली उतरताना स्पष्ट दिसली, तर दुसरा शोधावा.