रजिस्टर व्हीएम लिहिताय? या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीसाठी आम्ही कास्टिंगची किंमत काढणारी छोटी भाषा लिहिली. वजन, दर, मजुरी, रिजेक्शन. सूत्रं मालक स्वतःच लिहिणार. ती सूत्रं चालवणारी पहिली व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) स्टॅकवाली होती, म्हणजे आकडे एकावर एक ढकलून वरून उचलणारी, आणि निवांत चालत होती. मग आम्हाला रजिस्टरचं खूळ लागलं, म्हणजे प्रत्येक आकडा नंबर दिलेल्या कप्प्यात ठेवायचं. लुआ ही भाषा २००३ मध्ये ५.० ला रजिस्टरवर गेली, अँड्रॉइडची जुनी व्हीएम डाल्विकही रजिस्टरवालीच, मग आपणच का मागं?

पहिला दणका बसला तो अशा सूत्राला:

दर + (दर = ८५)

जुना दर ८०, कंसात तो ८५ होतो. उत्तर १६५ यायला हवं, येत होतं १७०. स्टॅकवर डावीकडचा दर आधीच ढकललेला असतो, म्हणजे त्याची प्रत निघालेली असते. रजिस्टरमध्ये कंपाइलर (सूत्राचं व्हीएमच्या सूचनांत भाषांतर करणारा) म्हणतो, दर तर र१ मध्येच (पहिल्या रजिस्टरात) आहे, कशाला हलवायचा? आणि बाइटकोड, म्हणजे त्या सूचना, निघतो असा:

भर र१, ८५
जोड र२, र१, र१

मी बराच वेळ बेरजेच्या कोडकडेच बघत बसलो होतो. शेवटी सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, पण डावीकडचा ८० ठेवलाय कुठं?" कुठंच नव्हता. डावी बाजू कंपाइल करतानाच बघा, उजवीकडे त्याच व्हेरिएबलवर काही लिहिलं जातंय का. जात असेल तरच टेम्पररी रजिस्टरमध्ये प्रत काढा. सरसकट प्रती काढल्यात तर स्टॅकच बरा होता. उजवीकडे फंक्शन कॉल असेल आणि व्हेरिएबल क्लोजरने (बाहेरची व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या फंक्शनने) पकडलेलं असेल, तर बिनदिक्कत प्रत काढा. लुआत असाइनमेंट हे वेगळं स्टेटमेंट असल्यामुळे, सूत्राच्या मधे येत नसल्यामुळे, हे दुखणं बरंच कमी होतं, तरी = च्या डावीकडे एकाच वेळी i आणि a[i] असले की तिच्या कंपाइलरलाही i ची प्रत काढावी लागते.

दुसरी चूक याहून छुपी. रजिस्टरं वाढत्या ॲरेत असतात. इंटरप्रिटरमध्ये (सूचना चालवणाऱ्या भागात) र१ चा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, घेतला, मध्येच फंक्शन कॉल झाला, ॲरे पुरला नाही म्हणून realloc ने (जागा वाढवणाऱ्या C च्या फंक्शनने) दुसरीकडे हलवला, आणि आपण उत्तर लिहिलं जुन्याच जागी. लहान सूत्रं बिनबोभाट चालतात; रिकर्शन खोल गेलं की कधी क्रॅश, कधी चुकीचा आकडा. कॉलनंतर पॉइंटर पुन्हा काढा, किंवा नुसता इंडेक्स धरा. हे पकडायला डीबग बिल्डमध्ये प्रत्येक कॉलला ॲरे मुद्दाम हलवा आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावा. लुआच्या सोर्समध्येही स्टॅक असा मुद्दाम हलवायची सोय आहे.

बिटांची कंजुषी आधीच मोजून ठेवा. लुआ ५.१ ची सूचना ३२ बिटांची: ऑपकोडला (काय करायचं त्याला) ६, कशावर करायचं ते सांगणाऱ्या A ला ८, B आणि C ला ९-९. त्या नवातला एक बिट 'हे रजिस्टर की कॉन्स्टंट' एवढं सांगण्यातच जातो, म्हणून थेट २५६ कॉन्स्टंट. पुढचे आधी रजिस्टरमध्ये आणावे लागतात. आम्ही हीच मांडणी उचलली आणि नेमकी ही पुढची वाटच लिहिली नाही. २५७ वा कॉन्स्टंट गुपचूप शून्यावर आला. डाल्विकच्या बऱ्याच सूचनांत रजिस्टरला ४च बिट, म्हणजे पहिली १६ रजिस्टरं. बाकीच्यांना आधी हलवा.

गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) असेल तर वापरून झालेली टेम्पररी रजिस्टरं तपासा. मेलेल्या, म्हणजे आता नको असलेल्या, व्हॅल्यू तिथं पडून राहतात आणि ऑब्जेक्ट सुटत नाहीत.

आणि वेगाचं. जावाच्या बाइटकोडवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात रजिस्टर व्हीएमने सरासरी ४७ टक्के कमी सूचना चालवल्या, पण कोड २५ टक्के फुगला. फायदा मुख्यतः डिस्पॅच (पुढची सूचना ओळखून तिच्या कोडकडे जाणं) वाचल्याचा. आमच्या सूत्रांचा बहुतेक वेळ एक्सेलची फाइल वाचण्यात जात होता, हे प्रोफाइलर (कुठं किती वेळ जातो ते मोजणारं साधन) लावल्यावर कळलं. तो आम्ही लावला सगळं लिहून झाल्यावर.