इसब असलेल्या बाळाच्या दातांची काळजी कशी घ्यावी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या थंडीत कोरडा वारा सुटला की इसब असलेल्या बाळाचे गाल लाल होतात, अंगाची खाज वाढते, आणि घरातल्या सगळ्यांचे लक्ष कातडीवर खिळल्यामुळे तोंडात डोकावून पाहायचे राहून जाते. सिंगापूरमध्ये मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या ‘गस्टो’ या अभ्यासात, इसबासोबत ॲलर्जीची त्वचा-चाचणीही सकारात्मक आलेल्या मुलांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किडलेले दात अधिक आढळले. इसबामुळेच दात किडतात, असे यावरून सिद्ध होत नाही. त्वचा आणि दातांवरचे कठीण कवच गर्भाच्या एकाच थरापासून तयार होतात, म्हणून ते कवचही मुळात कच्चे राहत असावे, असा एक तर्क आहे.

घरच्यांच्या हातात असलेले कारण मात्र रात्रीचे आहे. खाजेने रडत उठलेल्या बाळाला गप्प करायला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिली जाते आणि ते तसेच झोपी जाते. झोपेत लाळ कमी सुटत असल्याने ती साखर तासन्‌तास दातांवर राहते आणि जंतू तिचे आम्ल बनवतात. म्हणून खाज आटोक्यात आणणे हा दात वाचवण्याचाही उपाय आहे. संध्याकाळी कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ घालावी, अंग न चोळता टिपून घ्यावे आणि कातडी ओलसर असतानाच बिनवासाचे मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली भरपूर लावावी. नायटा समजून मेडिकलमधून परस्पर आणलेले मलम लावू नये, कारण अशा मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. डॉक्टरांनी स्वतः दिलेल्या स्टेरॉइडला मात्र घाबरण्याचे कारण नाही.

झोपण्यापूर्वीचा क्रम ठरवून घ्यावा: आधी दूध, मग सिरप, मग दात आणि शेवटी तोंडाभोवतीचे मलम. खाजेची बरीच सिरपे गोड असतात आणि काहींनी तोंडही कोरडे पडते, त्यामुळे दात घासून झाल्यावर सिरप पाजणे म्हणजे केलेले काम पुसून टाकणे होय. बिनसाखरेचे मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. त्यानंतर रात्री तहान लागली तर फक्त पाणी द्यावे.

पहिला दात दिसताच मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. पेस्टमध्ये सुमारे 1000 पीपीएम फ्लोराइड आहे की नाही, हे वेष्टनावर वाचावे, कारण मुलांसाठीच्या अनेक पेस्टमध्ये ते कमी असते किंवा नसतेच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. फेसाने ओठांभोवतीची कातडी चुरचुरत असेल तर घासण्याआधी तिथे पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा आणि नंतर फेस ओल्या मऊ कापडाने टिपावा. आजीच्या डब्यातल्या मिश्रीचे बोट बाळाच्या हिरड्यांना कधीही लावू नये. तिच्यात तंबाखू असते.

महिन्यातून एकदा उजेडात बसून वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निशने, म्हणजे दंतवैद्य दातांवर लावतात त्या फ्लोराइडच्या लेपाने, कीड थांबवता येते, तपकिरी खड्डा पडल्यावर उपचार वाढतात. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते आणि त्वचा व दात दोन्ही त्यांच्या यादीत आहेत, तेव्हा त्या दिवशी शेतातले काम थोडे बाजूला ठेवून आईने किंवा बाबांनी स्वतः हजर राहावे आणि इसबाची औषधे सोबत न्यावीत.